गळा, माईक आणि विद्यापीठ

माझा धंदा माईकचा. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) या गावात गेली तीस वर्षं मी लाऊडस्पीकर भाड्याने देतो. लग्न, भागवत सप्ताह, शारदोत्सव, खंजिरी भजनाची स्पर्धा, निवडणुकीची सभा, काहीही असो. गावात कुणाचा आवाज मोठा करायचा असला की निरोप माझ्याकडे येतो. संगीताचं शिक्षण मी कुठल्या वर्गात घेतलेलं नाही. आधी झाडावर भोंगे बांधले, मग बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलो, आणि ‘हा आवाज असाच का येतो’ या प्रश्नापायी वर्ध्या-नागपूरच्या ग्रंथालयांत जाऊ लागलो. तिथून सुरू झालेलं वाचन आजही चालू आहे.

या लेखाचं निमित्त मात्र घरातलं आहे. माझी भाची लहानपणापासून खंजिरी भजनात गाते. अकरावीत असताना ती ऑर्केस्ट्रात गाऊ लागली. गणपती ते कोजागिरी या दिवसांत आठवड्याला तीन-तीन कार्यक्रम व्हायचे. दुसऱ्या वर्षी तिचा आवाज सकाळी घोगरा राहू लागला, तार सप्तकात स्वर फाटू लागला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही स्वरपट्ट्यांवर समोरासमोर बारीक गाठी धरू लागल्या होत्या. शस्त्रक्रियेची गरज नाही, आवाजाला विश्रांती द्या आणि आवाजाच्या व्यायामाचे उपचार घ्या, असं त्यांनी सांगितलं. मग तिला विचारलं, “स्टेजवर तुला तुझा स्वतःचा आवाज ऐकू येतो का?”

ती म्हणाली, “नाही. मागचा बँडच ऐकू येते.”

त्यातली बहुतेक स्टेजं मी लावलेली होती.

बारावीनंतर ती मला म्हणाली, “मामा, मले गाण्यातच डिग्री करायची आहे. पण तिथं हे शिकवतेत का?” तिच्या ‘हे’ या शब्दात बरंच काही होतं. गळा कसा सांभाळायचा, माईकसमोर कसं गायचं, स्टुडिओत काय करायचं, स्टेजवर काय मागून घ्यायचं. याचं उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून शोध घेतला. तो इथे मांडतो आहे.

माईक येण्याआधीचा गळा

माईक नसताना गाणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न पोहोचण्याचा होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. म्हणजे पाच हातांवर जे गाणं भरदार वाटतं, ते चाळीस हातांवर अठरा डेसिबलने खाली आलेलं असतं. मराठी संगीत नाटकाच्या नटांनी हा प्रश्न उंच पट्टी, खुला गळा आणि ठसठशीत शब्दोच्चार यांनी सोडवला. गोंधळी, तमासगीर, शाहीर आणि आमचे भजनी यांची वाटही तीच. मोकळ्या मैदानावर गाणाऱ्याला ‘ओरडतो’ असं म्हणणं सोपं आहे. पण त्या ओरडण्यामागे व्यवहार होता.

युरोपातल्या ऑपेरा गायकांनी वेगळी वाट काढली. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी मोजून दाखवलं की तालमीत तयार झालेले हे गायक, विशेषतः पुरुष, घशातल्या पोकळीची ठेवण अशी करतात की त्यांच्या आवाजातली बरीच ताकद सेकंदाला सुमारे तीन हजार कंपनांच्या आसपास एकवटते. तिथे वाद्यवृंदाचा आवाज तुलनेने क्षीण असतो आणि माणसाचा कान अतिशय तीक्ष्ण. त्यामुळे जास्त जोर न लावता एकटा गळा साठ-सत्तर वादकांच्या वरून ऐकू येतो. यातून माझ्यासारख्याला एक गोष्ट कळली. आवाज पोहोचवणं म्हणजे केवळ जोर लावणं नाही. ते शिकता येण्याजोगं तंत्र आहे.

स्वरपट्ट्यांवर काय भार पडतो, याचा हिशेबही मांडून पाहावा. बोलताना बाईच्या स्वरपट्ट्या सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींना भिडतात. गाताना, मध्यम उंचीच्या स्वरावर, हा आकडा चारशेवर जातो. कार्यक्रमात मुलगी सगळी मिळून एक तास गायली आणि त्यातला निम्मा वेळच प्रत्यक्ष स्वर लागला, तरी सात लाखांहून अधिक वेळा त्या पट्ट्या आपटल्या. जोर जितका जास्त, तितका आघात मोठा. गाठी कुठे येतात तर जिथे आघात सर्वांत जास्त, म्हणजे पट्टीच्या पुढच्या भागात, पहिला तृतीयांश संपतो त्या जागी.

कर्ण्यापासून भावगीतापर्यंत

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा माईक नव्हता. धातूच्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. वरचा स्वर आला की डोकं मागे घ्यायचं, खालचा आला की पुढे न्यायचं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका आपलं नाव पुकारत असे. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा, हे कामही त्याच खोलीत सुरू झालं. ध्वनिमुद्रणासाठी गाणं ही निराळी विद्या आहे, याची आपल्याकडची सुरुवात मी इथे धरतो.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, माईक आला, आणि आवाज लहान ठेवूनही ऐकू जाता येऊ लागलं. याचा मराठीतला ठळक पुरावा आमच्या विदर्भातला आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३२ मध्ये तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताची सुरुवात बहुतेक अभ्यासक तिथून मोजतात. भावगीत ही कानाजवळ सांगितलेली गोष्ट आहे. शेवटच्या बाकापर्यंत आवाज फेकण्याच्या काळात ते जन्मलं नसतं. जोशी पुढे अनेक वर्षं एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहत होते. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचं पुस्तक गाणाऱ्याने आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याने, दोघांनीही वाचावं असं आहे.

माईक हे अंतराचं वाद्य आहे हे सांगणारा सर्वांत सुंदर दाखला ‘महल’ (१९४९) चित्रपटाच्या गाण्याचा. खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाण्यात आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता. खोलीच्या मधोमध माईक, आणि कोपऱ्यातून गात गात हळूहळू माईकपाशी यायचं, अशी ती युक्ती लताबाईंनीच पुढे सांगितली आहे. पट्टी तीच, स्वर तोच. बदललं ते अंतर, आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक वाडा उभा राहिला.

माईकसमोर काय करायचं

आता धंद्यातल्या अनुभवाचं थोडं सांगतो.

स्टेजवर गाणाऱ्याच्या हातात असतो तो बहुधा एका दिशेने ऐकणारा डायनॅमिक माईक. १९६६ मध्ये आलेला शुअर कंपनीचा एसएम ५८ हा त्याचा जगभर चालणारा नमुना. असा माईक ओठांजवळ नेला की आवाजातला खर्ज आपोआप फुगतो. कुजबुजल्यासारख्या ओळीला हे शोभतं. पण तोच माईक तसाच धरून वरचा स्वर लावला की आवाज फुटतो. म्हणून तार सप्तकात माईक चार बोटं दूर न्यायचा, खाली येताना जवळ आणायचा. गौहर जान कर्ण्यासमोर डोकं मागे घ्यायच्या, तेच काम आता मनगट करतं. माईकची जाळी मुठीत झाकून धरणं ही हल्लीची फॅशन मात्र घातक आहे. जाळी झाकली की माईक चोहीकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो.

मराठी गाणाऱ्यासाठी एक वेगळी अडचण आहे, ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. आपल्या भाषेत ख, घ, थ, ध, फ, भ असे महाप्राण भरपूर. ‘भ’ आणि ‘फ’ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो, तो सरळ माईकच्या पडद्यावर आदळतो आणि स्पीकरमधून ‘धप्’ असा आवाज येतो. अभंगात तर ‘विठ्ठल’ आणि ‘भक्ती’ टाळून चालणार नाही. उपाय साधा आहे: माईक ओठांच्या अगदी समोर न धरता हनुवटीच्या बाजूने थोडा तिरपा धरायचा. झोत बाजूने निघून जातो, स्वर पोहोचतो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांची सळसळही तिरप्या माईकने कमी होते.

स्टुडिओतली तऱ्हा आणखी वेगळी. तिथला कंडेन्सर माईक श्वास, ओठांची चुटचुट, बांगडीची किणकिण, सगळं टिपतो. कानात हेडफोन असतो. त्यात वाद्यं फार मोठी ठेवली तर भलेभले सुरावरून घसरतात. अनुभवी गायक एका कानावरचा हेडफोन अर्धा सरकवून स्वतःचा खरा आवाज ऐकतात, ते यासाठीच. ओळीओळीने गाणं मुद्रित होतं, चांगले तुकडे निवडून जोडले जातात. अशा वेळी दहाव्यांदा गायलेल्या ओळीत पहिल्या वेळचा भाव आणणं हे स्वतंत्र कौशल्य आहे.

आणि मग येतं ऑटो-ट्यून. भूगर्भातल्या तेलाच्या शोधासाठी ध्वनिलहरींचं विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी ते १९९७ मध्ये आणलं. पेटीच्या बारा सुरांपैकी जवळच्या सुरावर ते गळ्याला ओढून बसवतं. आता आपल्या गाण्यात मींड आहे, आंदोलन आहे, दोन सुरांमधली जागा आहे. यंत्र अडाण्याच्या हाती असेल तर ते या जागांनाच चूक समजून पुसून टाकतं. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवलं होतं, त्यामागच्या युक्तिवादांत एक हाच होता, की ठरीव सुरांचं वाद्य गळ्याला बांधून टाकतं. तो वाद जुना म्हणून आपण सोडून दिला. संगणकातून तो परत आला आहे. मुद्रण शिकलेल्या गायिकेला हे माहीत असेल, तर ती म्हणू शकेल, “या ओळीवर ते लावू नका.”

स्वतःचा आवाज ऐकू न येणं

इथे मी डॉक्टरांच्या प्रश्नाकडे परत येतो.

१९११ मध्ये फ्रान्समधले घसा-कानाचे डॉक्टर एत्येन लोंबार यांनी दाखवून दिलं की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, आणि गोंगाट थांबला की आवाज आपोआप उतरतो. बोलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. घरी मी करून पाहिलं. भाचीच्या कानात हेडफोन घालून जनरेटरचा आवाज सोडला आणि तिला धड्याचा एक परिच्छेद वाचायला सांगितला. मोबाईलवरचं मापक प्रयोगशाळेइतकं अचूक नसतं, पण काटा दर वेळी वर गेला आणि हेडफोन काढताच खाली आला. “मी तर सारखंच वाचत होती,” असं ती म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

आता गावातलं स्टेज डोळ्यांपुढे आणा. मागे ढोलक, ऑक्टोपॅड, की-बोर्ड. दोन्ही बाजूंचे मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून. गाणारीच्या वाट्याला स्पीकरची पाठ आणि वाद्यांची छाती. तिचा आवाज प्रेक्षकांना छान ऐकू जात असतो, तिलाच ऐकू येत नसतो. मग ती जोर लावते. त्यात कराओकेचा ट्रॅक मूळ गाण्याच्या पट्टीत, म्हणजे स्टुडिओत, शांततेत, एका विशिष्ट गळ्यासाठी ठरलेल्या पट्टीत. पट्टी एका बटणाने दोन सुरांनी उतरवता येते, पण ‘ओरिजिनल’चा हट्ट असतो.

यावर उपाय म्हणजे मॉनिटर, गाणाऱ्याकडे तोंड करून जमिनीवर ठेवलेला छोटा स्पीकर. माझ्याकडे असे दोन आहेत. ऑर्केस्ट्रावाले विचारत नसत, आयोजक त्याचे पैसे देत नसत, आणि गाडीत जागा कमी म्हणून मी ते घरी ठेवत असे. गाणाऱ्याने मागितला असता तर दिला असता. पण काय मागायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला माहीत असून मी दिला नाही.

विद्यापीठाची वाट

मग हे शिकवायचं कुणी? आपल्याकडे गाणं संस्थेत शिकवण्याचा इतिहास मोठा आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणलं. पं. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहून गाण्याला ग्रंथ दिला. आजही गावोगावची मुलं प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देतात ती या दोघांच्या पुण्याईवर. त्या परीक्षांचा आणि आपल्याकडच्या पदव्यांचा कणा राग-तालाचा आहे. तो तसाच असावा. कानाला वळण लावणारी त्याहून चांगली तालीम मला ठाऊक नाही.

पण गळ्याकडे शास्त्र म्हणून पाहणारी दुसरी एक मराठी परंपरा आहे, तिचा विसर पडतो. पलुस्करांचेच शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत संगीत विद्यालय सुरू केलं. पाश्चात्त्य संगीतही ते शिकले होते, आणि आवाज जोपासण्याचा विचार त्यांनी ‘आवाज साधना शास्त्र’ या पुस्तकात मांडला. त्यांच्याकडून ही विद्या घेतलेले डॉ. अशोक दा. रानडे १९६८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक झाले. आवाज जोपासणं हे त्यांनी फक्त शास्त्रीय गायकापुरतं ठेवलं नाही. नटांना आणि बोलणाऱ्यांनाही शिकवलं. शिवाय लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत यांच्या बरोबरीने जनप्रिय संगीत ही अभ्यासाची स्वतंत्र कोटी त्यांनी मानली आणि हिंदी चित्रपटगीतावर मोठा ग्रंथ लिहिला. आज जिला समकालीन गायनाची पदवी म्हणतात तिचा पाया मराठी माणसाने मराठी विद्यापीठात घातलेला आहे, असं मी म्हणेन. त्यावर इमारत मात्र पुरती चढली नाही.

बाहेर ती चढली. बॉस्टनचं बर्कली महाविद्यालय १९४५ मध्ये जॅझसारख्या चालू काळाच्या संगीतासाठीच सुरू झालं. ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत काढलेल्या संस्थेत हिंदुस्थानी गायन, पाश्चात्त्य गायन आणि संगीत-तंत्रज्ञान एका छपराखाली आहेत. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने शिक्षण चालतं. आंजीच्या मुलीला यातलं काहीच जवळ नाही. तिला जवळचं विद्यापीठ नागपूरचं. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. खंजिरी हाती घेऊन गावोगाव गाणारा, पदवी नसलेला एक भजनी ज्या विद्यापीठाचा नाममुद्रेचा धनी आहे, तिथे खंजिरीवर वाढलेल्या गळ्याचं शास्त्र शिकवलं जावं, ही अपेक्षा जास्तीची वाटत नाही.

आणि त्यासाठी नवीन इमारतीची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळतात. राग-तालाचा मुख्य विषय तसाच ठेवून त्याला चार गोष्टी जोडता येतील. पहिली, स्वरयंत्राची ओळख आणि आवाजाची निगा. यासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातले घशाचे डॉक्टर वर्षातून चार तास देऊ शकतील. दुसरी, माईक आणि मॉनिटर यांचं तंत्र. तिसरी, एक संगणक, एक माईक आणि गाद्या लावलेली खोली एवढ्यावर ध्वनिमुद्रण. चौथी, हक्क आणि करार. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गायकालाही कलावंत म्हणून स्वामित्वधनाचा वाटा दिला आहे. पण आमच्याकडच्या मुलींची गाणी कुणीही मोबाईलवर टिपून आपल्या नावाने चढवतो, आणि त्यांना आपला काही हक्क आहे हे माहीतच नसतं.

प्रवेश घेण्याआधी काय विचारावं, ते मी भाचीला कागदावर लिहून दिलं. इतर पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथेही देतो. आवाजाच्या निगेचा तास आहे का? परीक्षा माईकशिवाय होते की माईकसमोरही? मुद्रणाची सोय विद्यार्थ्याच्या हाताला लागते की कुलपात असते? पट्टी गळ्यानुसार ठरते की पेटीनुसार? शेवटचा प्रश्न तिने स्वतः घातला: गळा दुखतो म्हटलं तर गुरुजी थांबू देतात का?

तिने संगीत विषय घेऊन पदवीला प्रवेश घेतला आहे. राग-तालाचं शिक्षण तिथे होतं, उरलेलं आम्ही रविवारी घरी करतो. मी माईक लावतो, ती गाते, मग दोघं ऐकतो. सहा महिन्यांच्या उपचारांनंतर डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं; गाठी ओसरत आहेत.

यंदाच्या शारदोत्सवात तिने दोनच गाणी म्हटली, मूळ पट्टीपेक्षा दोन सुरांनी खाली. दोन्ही मॉनिटर तिच्या पायाशी होते. पहिलं कडवं झाल्यावर तिने माझ्याकडे पाहून हात खाली केला. वाद्यं कमी करा, असा त्याचा अर्थ. मी फेडर उतरवला.